पाते, पाणी आणि चित्रफीत

१८९९ साली मुंबईच्या हँगिंग गार्डनमध्ये पुंडलिकदादा आणि कृष्णा न्हावी या दोन मल्लांची कुस्ती हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजे सर्वांना परिचित असलेले सावेदादा, यांनी विलायतेहून मागवलेल्या कॅमेऱ्याने टिपली आणि ती फीत धुण्यासाठी पुन्हा विलायतेस रवाना केली, ही हकिकत भारतीय चित्रपटाच्या इतिहासात अगदी आरंभीच नोंदलेली असते. परंतु चलच्चित्राचे यंत्र हाती येताच एका मराठी माणसाला सर्वप्रथम कसलेल्या शरीराची हालचाल टिपून ठेवावीशी वाटली, ही गोष्ट चित्रपटाच्या इतिहासकारांइतकीच क्रीडाशास्त्राच्या अभ्यासकांनीही ध्यानात घ्यावी अशी आहे. सावेदादांचा हेतू लोकांना ते दृश्य दाखवण्याचा होता. तीच फीत त्या दोघा मल्लांना निवांतपणे पुन्हा पुन्हा दाखवून, कोणत्या क्षणी कोणाचा पाय उचलला गेला आणि तोल कोठे सुटला याची चिकित्सा करता आली असती, ही कल्पना त्या काळी कोणाच्या मनास शिवली असेल असे वाटत नाही.

वस्तुतः मानवी दृष्टीची मर्यादा त्यापूर्वीच सिद्ध झालेली होती. कॅलिफोर्नियात १८७८ मध्ये एडवर्ड मायब्रिज यांनी दौडत्या घोडीच्या वाटेवर बारा कॅमेरे ओळीने मांडून, तिचे चारही खूर एका क्षणी भूमीपासून सुटलेले असतात हे दाखवून दिले. आणि फ्रान्समध्ये एतिएन ज्यूल मारे यांनी १८८२ मध्ये बंदुकीच्या घडणीचा कॅमेरा तयार करून सेकंदाला बारा चित्रे घेण्याची तजवीज केली. अनेक पिढ्यांच्या थोर चित्रकारांनी धावते घोडे पुढचे पाय पुढे आणि मागचे पाय मागे ताणलेल्या स्थितीत रंगवले होते. त्यांची निष्ठा अथवा कसब उणे होते असे नाही. त्या वेगाचा तपशील डोळ्यांपर्यंत पोचतच नव्हता. खेळाच्या शिक्षणात चित्रफितीचे जे स्थान आहे ते या एका उणिवेवर उभे आहे, आणि ही उणीव ज्या खेळात सर्वांत तीव्रतेने जाणवते तो खेळ नौकानयनाचा, म्हणजे शर्यतीच्या पाण्यावर सर्वत्र ज्यास रोइंग म्हणतात त्याचा, होय.

रोइंगमधील खेळाडू अंतिम रेषेकडे पाठ करून बसतो. त्याचे आसन रुळांवर पुढेमागे सरकते, पावले एका फळीवर पट्ट्यांनी बांधलेली असतात, आणि एकट्याच्या नावेत, जिला सिंगल स्कल म्हणतात, त्याच्या दोन्ही हातांत एकेक वल्हे असते. तो गुडघे मिटून, हात लांबवून जेव्हा अधिकाधिक पुढे येतो, तेव्हा वल्ह्यांच्या मुठी त्याच्या समोर असतात. पण वल्ह्यांची पाती मात्र नावेच्या अग्राकडे, म्हणजे त्याच्या पाठीमागे गेलेली असतात. नेमक्या त्याच क्षणी पाती पाण्यात शिरायची असतात. खेळाडू आणि प्रशिक्षक ज्याला 'कॅच' म्हणतात, आणि ज्यावर संपूर्ण वल्हवणीचे बरेवाईट अवलंबून असते, तो क्षण अशा रीतीने खेळाडूच्या पाठीआड घडतो. स्वतःची पाठ कोणालाच दिसत नाही. कंबर कोठे वाकली, खांदा केव्हा उचलला गेला, हेही त्याला केवळ अंगाच्या जाणिवेवरून ठरवावे लागते. ही जाणीव तर फारच फसवी. वर्षानुवर्षे अंगवळणी पडलेला कसूर शरीराला सरळ आणि स्वाभाविक वाटतो. तो दुरुस्त करावयास गेले की दुरुस्त केलेली हालचालच वाकडी व परकी भासते. म्हणून खेळाडू शपथेवर सांगतो की मी पाठ ताठ ठेवली होती, प्रशिक्षक तितक्याच खात्रीने सांगतो की ठेवली नव्हती, आणि दोघेही आपापल्या परीने प्रामाणिक असतात.

प्रशिक्षकाचा डोळा तरी कितपत विश्वसनीय? शर्यतीच्या गतीत मिनिटाला छत्तीस वेळा वल्हे मारले जात असेल, तर एका आवर्तनाला सुमारे १.६७ सेकंद लागतात. त्यांपैकी पात्याने पाणी ढकलण्याचा भाग पाऊण सेकंदाच्या आसपास, आणि पाते पाण्यात बुडण्याची क्रिया तर सेकंदाच्या एखाद्या दशांशात किंवा त्याहूनही अल्प काळात उरकते. सोबतच्या मोटारबोटीत उभा असलेला प्रशिक्षक तेवढ्या अवधीत एक पाते पाहील, एक गुडघा पाहील. दोन्ही पाती, दोन्ही गुडघे, पाठीचा कोन आणि नावेचा कल हे सर्व एकाच वेळी पाहणे त्याच्या आवाक्यापलीकडचे आहे. सेकंदाला तीस चित्रे घेणारा साधा कॅमेरा त्याच आवर्तनाची पन्नास चित्रे समोर मांडतो. सेकंदाला दोनशे चाळीस चित्रे घेण्याची सोय आता बाजारात मिळणाऱ्या अनेक मोबाइल फोनांत असते. तिने एका वल्हवणीची चारशे चित्रे हाती येतात.

एवढ्या सूक्ष्म अंशांची मोजदाद खरोखर आवश्यक आहे काय, या शंकेचे उत्तर एका मराठी खेळाडूच्याच कामगिरीत मिळते. नाशिक जिल्ह्यातील चांदवड तालुक्यातले तळेगाव रोही हे दत्तू बबन भोकनळ यांचे गाव. हा इलाखा पावसाच्या अवकृपेचा. वडील विहिरी खोदण्याचे कष्ट करीत. दत्तू २०१२ मध्ये सैन्यात दाखल झाले, पुण्याच्या बॉम्बे इंजिनिअर ग्रुपमध्ये त्यांची उंची व शरीरयष्टी प्रशिक्षकांच्या नजरेत भरली, आणि वयाच्या बाविसाव्या वर्षाच्या सुमारास ते प्रथमच शर्यतीच्या नावेत बसले. त्यानंतर जेमतेम तीन वर्षांनी, एप्रिल २०१६ मध्ये, दक्षिण कोरियातील चुंगजू येथे झालेल्या आशिया व ओशनिया विभागाच्या पात्रता स्पर्धेतून त्यांनी ऑलिम्पिकमधील जागा मिळवली.

रिओ येथील ऑलिम्पिकमध्ये भोकनळ यांनी सिंगल स्कलच्या 'क' अंतिम शर्यतीत पहिले येऊन एकूण तेरावा क्रमांक मिळवला. २,००० मीटर अंतरास त्यांना ६ मिनिटे ५४.९६ सेकंद लागले. मुख्य अंतिम शर्यतीत न्यूझीलंडचे माहे ड्रायस्डेल आणि क्रोएशियाचे दामिर मार्टिन यांची वेळ ६ मिनिटे ४१.३४ सेकंद अशी शतांशापर्यंत एकच नोंदली गेली आणि विजेता कोण हे अंतिम रेषेवरील कॅमेऱ्याच्या चित्रावरून मुक्रर करावे लागले. सुवर्णपदक आणि तेरावा क्रमांक यांत अंतर १३.६२ सेकंदांचे. भिन्न शर्यतींतील वेळा अशा ताडून पाहणे शास्त्रदृष्ट्या काटेकोर म्हणता येणार नाही, कारण वारा आणि पाणी क्षणोक्षणी बदलतात. तथापि प्रमाणाची कल्पना येण्यास तेवढे पुरते. मिनिटाला तेहतीस-चौतीसच्या गतीने अशा शर्यतीत सुमारे २३० वेळा वल्हे मारावे लागते. १३.६२ सेकंदांना २३० ने भागले असता प्रत्येक वल्ह्यामागे येणारे अंतर सेकंदाच्या सहा शतांशांहूनही कमी भरते. साध्या कॅमेऱ्याच्या भाषेत सांगावयाचे तर दोन चित्रांइतकेही नाही. जगातील सर्वोत्तम नौकापटू आणि तेराव्या क्रमांकाचा नौकापटू यांच्यातील भेद जर एवढ्या सूक्ष्म अवकाशात साठलेला असेल, तर तो नुसत्या डोळ्यांनी हुडकण्याची अपेक्षा कोणत्याही प्रशिक्षकाकडून करणे अन्यायाचे आहे.

हे सूक्ष्म अंश नेमके वाया कोठे जातात, हे कळण्यासाठी नावेच्या गतीचा थोडा विचार करावा लागतो. सिंगल स्कलचे किमान वजन नियमाने १४ किलो ठरलेले आहे आणि तीत बसणारा तगडा खेळाडू नव्वद किलोंच्या घरातला असतो. गुळगुळीत फरशीवर उभ्या असलेल्या रिकाम्या हातगाडीवर एखादा धिप्पाड माणूस चढून एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे धावू लागला, तर गाडी त्याच्या उलट दिशेने सरकते. सरकत्या आसनावरील खेळाडूच्या पायांखाली नावेचेही तेच होते. पाणी ढकलून झाल्यावर खेळाडू जेव्हा पुन्हा गुडघे मिटीत नावेच्या मागील टोकाकडे सरकतो, तेव्हा त्याच्या पायांखालची हलकी नाव पुढे धावते, आणि तिचा परमोच्च वेग पाती हवेत असताना नोंदला जातो. उलटपक्षी कॅचच्या क्षणी तो पायांनी फळीला रेटा देतो तेव्हा नाव क्षणभर मंदावते. पाण्याचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणून सरासरी वेग तोच राखूनही जी नाव अधिक हिसके खात जाते तिच्यावर अधिक शक्ती खर्ची पडते. परतीच्या वाटेवर खेळाडू घाईने धावत आला, किंवा पाते पाण्यात शिरण्यापूर्वीच त्याने पाय रेटले, तर तो आपल्याच बळाने आपली नाव अडवीत असतो. हा प्रकार त्याला आतून जाणवत नाही. त्याला उलट वाटते की आपण फार जोमाने वल्हवीत आहोत.

येथे चित्रण कसे करावे याविषयी काहीशा विस्ताराने सांगणे प्राप्त आहे, कारण निष्काळजीपणे घेतलेले चित्र मुळीच चित्र नसण्यापेक्षा अधिक दिशाभूल करते. कॅमेरा नावेच्या दिशेशी काटकोनात, खेळाडूच्या बरोबर बाजूला आणि शक्यतो त्याच्या खांद्याच्या उंचीवर असावा. सोबतची मोटारबोट चार-दोन मीटर मागे पडली तरी खेळाडू तिरपा दिसू लागतो, आणि तिरप्या चित्रात शरीराचे व वल्ह्याचे कोन खऱ्याहून वेगळे भरतात. मग पुरेसा पुढे पोचणारा खेळाडू आखूड वाटतो आणि प्रशिक्षक त्याला विनाकारण आणखी ओणवा करतो. अशा एका खोट्या कोनापायी कंबरेचे दुखणे जडण्यास वेळ लागत नाही. फार जवळून रुंद भिंगाने घेतलेले चित्र कडांना वाकते, म्हणून थोडे दूर राहून, भिंग लांबवून टिपणे चांगले. सूर्य चित्रकाराच्या पाठीशी असावा, अन्यथा पाण्यावरील चमक पात्याला गिळून टाकते. मोबाइलचा कॅमेरा संपूर्ण चित्र एकाच क्षणी न टिपता ओळीओळीने टिपतो. तो झपाट्याने फिरवला तर वल्ह्याचा सरळ दांडाही वाकलेला दिसतो, आणि मुळात नसलेल्या दोषाचा आभास निर्माण होतो. बाजूचे चित्र घेऊन झाले की एक चित्र थेट मागून घ्यावे. दोन्ही पाती एकदम पाण्यात शिरतात की डावेउजवे मागेपुढे होते, नाव कोणत्या अंगास कलते, डाव्या हाताची मूठ उजवीवरून जाताना खांदे तिरपे होतात काय, हे तेथूनच दिसते. तिसरे, काठावर कॅमेरा रोवून, नाव त्याच्या समोरून जाऊ द्यावी. या चित्रात नावेच्या टोकाची खालीवर होणारी उसळी आणि पात्यांनी पाण्यावर सोडलेल्या भोवऱ्यांमधील अंतर मोजता येते. भोवरे जितके एकमेकांपासून दूर, तितकी नाव प्रत्येक वल्ह्यास अधिक धावली.

चित्रफीत पुढ्यात आल्यावर बहुतेकांची दृष्टी प्रथम खेळाडूच्या देहाकडे जाते. पाठ कशी आहे, हनुवटी वर आहे की खाली, हे पाहण्यात वेळ जातो. आमच्या मते पाहणीचा हा क्रम उलटा आहे. ऑस्ट्रेलियातून केंब्रिजला आलेले आणि तेथील जीझस कॉलेजच्या नावांना नवे वळण लावणारे स्टीव्ह फेअरबेर्न यांनी गेल्या शतकाच्या पूर्वार्धात हाच वाद उभा केला होता. पाठ ताठ ठेवण्याच्या प्रतिष्ठित शिरस्त्यावर जोर देणाऱ्या आचार्यांना त्यांनी असे सुनावले की लक्ष पात्यावर द्या, पाते पाण्यात नीट काम करू लागले म्हणजे देह आपोआप नीट होतो. त्यांच्या या मताचा अतिरेक झाला हे खरे, आणि त्यांच्या अनुयायांमध्ये पुष्कळ बेशिस्त वल्हवणी शिरली हेही खरे. परंतु चित्रफीत पाहताना कोठून आरंभ करावा या प्रश्नापुरता फेअरबेर्न यांचा सल्ला आज शंभर वर्षांनीही निर्विवाद ग्राह्य वाटतो. पाते हाच नाव आणि पाणी यांच्यामधील एकमेव व्यवहार आहे. म्हणून पहिली मोजणी पात्याची करावी: खेळाडूच्या हाताच्या मुठी पुढे जायच्या थांबल्या त्या चित्रापासून पाते पूर्ण बुडाले त्या चित्रापर्यंत किती चित्रे गेली? मूठ उलट दिशेने निघाल्यावरही पाते हवेतच असेल, तर तेवढा प्रवास पाण्याविनाच झाला. हा कसूर इतका सर्वत्र आढळतो आणि खेळाडूच्या जाणिवेत इतका क्वचित उतरतो, की चित्रफितीचा पहिला उपयोग कोणता असे विचारले तर आम्ही निःशंकपणे हाच सांगू.

मग या कसुराचे मूळ शोधावयाचे, आणि येथेच चित्रफितीचा खरा अभ्यास सुरू होतो. पाते उशिरा बुडते असे दिसल्याबरोबर 'पाते लवकर टाक' असा हुकूम सोडणारा प्रशिक्षक केवळ लक्षणावर औषध देतो. चित्र मागे मागे नेत गेले म्हणजे बहुधा असे आढळते की कॅचपूर्वीच्या अखेरच्या क्षणी खेळाडूने धड पुढे झोकले होते, खांदे खाली गेले होते, मुठी खाली दबल्या होत्या आणि म्हणूनच पाती आकाशाकडे उचलली गेली होती. आता ती खाली येईपर्यंत वेळ जाणारच. धड अखेरीस का झोकले? कारण ते आधी झुकवावयाचे राहून गेले. परतीचा क्रम असा असतो: आधी हात लांब होतात, मग कंबरेतून धड पुढे झुकते, आणि धड स्थिरावल्यानंतर गुडघे मिटून आसन सरकू लागते. खेळाडूने हात लांबवण्यापूर्वीच गुडघे वर आणले, तर मुठींची वाट गुडघ्यांनी अडते, धड झुकण्यास जागा उरत नाही, आणि राहिलेला झुकाव अखेरच्या क्षणी घाईने भरून काढावा लागतो. अशा प्रकारे कॅचच्या क्षणी पाहिलेल्या दोषाची मुळे जवळजवळ एक सेकंद आधी, वल्हे पाण्यातून बाहेर काढल्यानंतरच्या पहिल्या हालचालीत सापडतात. आणि तीही नेहमीच अखेरची मुळे नसतात. क्वचित घोट्याचे सांधे इतके ताठ असतात की नडगी उभी होण्यापर्यंत खेळाडू पुढे येऊच शकत नाही. क्वचित पायफळी चुकीच्या ठिकाणी बसवलेली असते. तेव्हा दोष शरीराचा नसून एका स्क्रूचा असतो, आणि तो दूर करण्यास पाना पुरतो.

पाणी ढकलण्याच्या आरंभी आणखी एक प्रसिद्ध कसूर दिसतो. पाय सरळ होऊ लागतात, आसन मागे धावते, पण मूठ जागची हलत नाही. म्हणजे पायांचे बळ वल्ह्यापर्यंत न पोचता कंबरेतच विरून जाते. दोन चित्रे शेजारी ठेवून आसन किती सरले आणि मूठ किती सरली हे ताडून पाहिले की त्याची रुजुवात होते. उत्तम खेळाडूच्या चित्रात या आरंभीच्या भागात दोन्ही जवळजवळ बरोबरीने सरकतात आणि धडाचा पुढचा झुकाव, जो उभ्या रेषेपासून सुमारे तीस अंशांच्या आसपास असतो, तो पाय बरेच सरळ होईपर्यंत राखलेला असतो. स्कलच्या वल्ह्याने एका आवर्तनात कापलेला एकूण कोन अव्वल दर्जाच्या पुरुष खेळाडूत सुमारे ११० अंश भरतो. पैकी मोठा वाटा पुढील अंगास असतो. किनोव्हियासारखे विनामूल्य संगणकीय साधन हाताशी असल्यास हे सर्व कोन पडद्यावर रेघा ओढून मोजता येतात.

तथापि चित्रफितीच्या अखत्यारात काय येत नाही, याचे भान सुटता कामा नये. चित्र आकार दाखवते, बळ दाखवीत नाही. दोन खेळाडूंच्या हालचाली चित्रात तंतोतंत सारख्या दिसूनही एकाने वल्ह्यावर दुसऱ्याच्या दीडपट बळ लावलेले असू शकते. बळ मोजावयाचे तर वल्ह्याच्या खोबणीत बसवलेली संवेदके लागतात, आणि नावेचा वेग क्षणाक्षणाला किती चढला-उतरला हे सांगण्यास गतिमापक यंत्र लागते. ही साधने महाग आहेत आणि ती सैन्याच्या किंवा राष्ट्रीय शिबिरांच्या बाहेर सहसा दिसत नाहीत. किमानपक्षी घड्याळ आणि वल्ह्यांची मोजणी तरी चित्रासोबत असलीच पाहिजे, कारण सुबक दिसणारी वल्हवणी मंद असेल तर तिच्या सुबकपणाची किंमत काहीच नाही. जगज्जेत्याची चित्रफीत पाहून त्याच्या मुद्रेचे अनुकरण करण्याचा मोह तरुणांस विशेष होतो. परंतु लांब मांड्या आणि आखूड धड असलेल्या माणसाने आखूड मांड्यांच्या विजेत्याची नक्कल केली, तर त्याच्या वाट्याला विजय न येता केवळ पाठदुखी येण्याचा संभव अधिक.

चित्रफीत खेळाडूसमोर मांडण्याचीही एक पद्धत आहे. हालचालींच्या शिक्षणाचा अभ्यास करणाऱ्यांनी पन्नासेक वर्षांपूर्वीच दाखवून दिले आहे की नवशिक्यास नुसती फीत दाखवून फारसा लाभ होत नाही; कोठे पाहावे हे कोणी सांगितले, आणि तो क्रम अनेक आठवडे चालू राहिला, तरच लाभ होतो. नवशिक्या आपल्या फितीत आपले केस, आपला चेहरा, आपली नाव यांखेरीज काही पाहत नाही, यात त्याचा दोष नाही. म्हणून पहिल्या बैठकीत एकच प्रश्न घ्यावा, एकच चित्र थांबवावे, आणि काय दिसते हे प्रथम खेळाडूनेच सांगावे. त्याच्या तोंडून आलेली जबानी आणि पडद्यावरील चित्र यांच्यात जी तफावत असते, ती त्याच्या स्वतःच्या लक्षात आली म्हणजे प्रशिक्षकास फार बोलावे लागत नाही. उलट दहा दोषांची यादी एका संध्याकाळी वाचून दाखवली, तर दुसऱ्या दिवशी सकाळी खेळाडू प्रत्येक सांधा स्वतंत्रपणे हलवू लागतो आणि नावेची लय मोडते. चौघांच्या नावेत हे फार कठीण. पालेमबांगच्या जकाबरिंग सरोवरावर २०१८ च्या आशियाई स्पर्धेत स्वर्ण सिंग, दत्तू भोकनळ, ओम प्रकाश आणि सुखमीत सिंग यांनी क्वाड्रुपल स्कलमध्ये ६ मिनिटे १७.१३ सेकंदांत सुवर्णपदक जिंकले. अशा नावेत आठ पाती एकाच क्षणी पाण्यात शिरावी लागतात, आणि चौघांपैकी कोण किती मागे आहे हे नावेत बसलेल्या कोणालाही दिसत नाही. तेथे मागून घेतलेले एकच मंदगती चित्र चौघांना एका तासाच्या उपदेशाहून अधिक शिकवते.

आता हे सारे आमच्या अर्धापूर तालुक्यातील मुलांना कसे उपयोगी पडेल, त्याविषयी. निजामी अमदानीत आमचा नांदेड जिल्हा ज्या संस्थानाचा भाग होता, त्याच्या राजधानीतील हुसेनसागरावर आजही देशातील नामांकित रोइंग स्पर्धा होतात. पुण्यात १८६८ पासून रॉयल कॅनॉट बोट क्लब आहे, दापोडीला सैनिकी अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या आवारात सैन्याचे रोइंग केंद्र आहे, आणि नाशिकला गोदावरीवर विद्यार्थी नावा वल्हवतात. तीच गोदावरी नांदेडजवळ विष्णुपुरीच्या बंधाऱ्यामागे लांबच लांब पसरलेली आहे. अर्धापूर तालुक्याची केळी ज्या पाण्यावर पोसली जातात ते इसापूर धरणाचे पाणी मात्र कालव्याने येते, आणि कालव्यात, त्याच्या वाहत्या प्रवाहामुळे व निसरड्या काठांमुळे, कोणीही नाव घालण्याचे धाडस करू नये. येथील एखाद्या उंचनिंच मुलास अथवा मुलीस सैन्यात किंवा पुण्याच्या महाविद्यालयात जाऊन या खेळात उतरावयाचे असेल, तर पाण्यावर जाण्यापूर्वीचा मोठा अभ्यास कोरड्या जमिनीवर होऊ शकतो, हे आवर्जून सांगावेसे वाटते. वल्हवणीच्या व्यायामाचे यंत्र, ज्याला अर्गोमीटर म्हणतात, आता मोठ्या शहरांतील अनेक व्यायामशाळांत आढळते. ते जागचे हलत नाही, म्हणून पात्याचा व्यवहार त्यावर शिकता येत नाही, पण हात, धड आणि पाय यांचा क्रम हुबेहूब तोच असतो. यंत्रापासून चार-पाच मीटरांवर, आसनाच्या उंचीपेक्षा थोडा वर, काटकोनात एका स्टुलावर मोबाइल ठेवावा. प्रथम मिनिटाला अठराच्या संथ गतीने, मग चोवीसने, आणि अखेरीस तीसने, प्रत्येकी एकेक मिनिट चित्रण करावे. संथ गतीत बरोबर असलेला क्रम वेगात कोठे मोडतो हे तेवढ्यावरूनच दिसते, आणि अठराला निर्दोष दिसणारी पाठ तीसला कंबरेत कोसळते हे पाहून पुष्कळांना धक्का बसतो.

त्यानंतर एकच दुरुस्ती निवडून तीन-चार आठवडे तिचाच सराव करावा, आणि पुन्हा चित्रण करताना जागा, उंची, गती आणि शक्य तर दिवसाचा प्रहरही तोच ठेवावा. या बाबी पहिल्याच दिवशी एका वहीत टिपून ठेवल्या पाहिजेत: यंत्रावर विरोधाची कळ कितीवर होती, पायपट्टा कोणत्या छिद्रात होता, गती किती, वेळ किती, आणि पाण्यावर असल्यास वारा कोणत्या दिशेचा. वहीत ही नोंद नसेल, तर पहिली आणि दुसरी फीत शेजारी लावूनही सुधारणा खेळाडूत झाली की कॅमेऱ्याच्या जागेत, याचा निवाडा करता येत नाही.